सात ओट्यांचा रस्ता

सामरखेड्याच्या शांतीलालभाईंनी उभ्या आयुष्यात सरकारी कागदाकडे पाठ केली नव्हती. गावचं टपाल त्यांच्याच ओसरीवर एका लाकडी पेटीत राहायचं. त्या पेटीत एक शिक्का, एक लाखेची कांडी आणि शाईची गादी असल्यामुळे सरकार आपल्या घरी मुक्कामाला आहे अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. टपालाची थैली आली की ते ताटावरूनही उठत. तेव्हा अठ्ठावन्न सालच्या दिवाळीनंतर विकास गटाच्या कचेरीतून आलेलं पत्र त्यांनी उभं राहून वाचलं यात नवल नाही. नवल हे, की वाचून झाल्यावर ते मटकन खाली बसले आणि त्यांनी तेच पत्र पुन्हा वाचलं.

पत्रात म्हटलं होतं, की ग्रामस्थांनी श्रमदानाने तापीच्या काठाकाठाने सार्वजनिक पदपथ काढावा. जनता त्याचा वापर करते आहे याची साहेबांना समक्ष खात्री पटली, तर पाणवठ्यावर बावीस दगडी पायऱ्यांसाठी सिमेंट मिळेल. न पटली, तर तेच सिमेंट रनाळ्याच्या शाळेच्या भिंतीकडे वळवण्यात येईल.

आता पायऱ्या म्हणजे काय चीज आहे, हे सामरखेड्याचा काठ उतरल्याशिवाय कळायचं नाही. तापी तिथे खोल वाहते. वर पिवळ्या मातीची दरड, खाली पाणी, आणि मधे जिला गाव नुसतं ‘घसरण’ म्हणे ती उतरण. दोन पावसाळ्यांपूर्वी शांतीलालभाईंच्या जसोदाबाई त्या घसरणीवरून भरल्या हंड्यासकट खाली गेल्या होत्या. उजवं मनगट मोडलं, ते वाकडंच बसलं. त्या दिवशी आंघोळीचं पाणी कमी पडलं म्हणून दुसऱ्या खेपेला कुणी पाठवलं होतं, हे घरात कुणी कधी बोललं नाही. जसोदाबाई तेव्हापासून डाव्या हाताने भाकरी थापत, आणि तो थापटण्याचा आवाज ऐकला की शांतीलालभाई उगाचच टपालाची पेटी उघडून शिक्के पुसायला घेत.

आणि आता घरात सून होती. सिंधुबाई. नवरा नवापूरला स्टेशनवर नोकरीला, ही इथे, आणि तिला चौथा महिना लागलेला. हंडा आता तिच्या डोक्यावर होता.

सिंधुबाई तीन वर्षांत सासऱ्यांशी एक शब्द बोलली नव्हती. भांडण नव्हतं हो, रीत होती. काठावरच्या गुजरांच्या घरात सून सासऱ्याला तोंड दाखवत नसे आणि आवाजही ऐकवत नसे. पण घर म्हटलं की निरोप असतातच. ते ती गोठ्यातल्या गोरी नावाच्या कालवडीला सांगायची. ‘गोरी, पानी तपनं वं,’ असं गोठ्यातून ऐकू आलं की शांतीलालभाई पंचा घेऊन उठायचे. गोरीने एवढ्या वर्षांत एकही निरोप विसरला नाही. असं टपालखातं शोधून सापडायचं नाही.

तर समिती झाली. चिटणीस अर्थातच शांतीलालभाई. त्यांनी पाठकोऱ्या कागदावर गावदरवाज्यापासून पाणवठ्यापर्यंत लाल पेन्सिलीने एक रेघ मारली. रेघ इतकी सरळ होती की तिच्याकडे बघून त्यांना स्वतःबद्दल आदर वाटला. तो नकाशा त्यांनी घरी नेऊन दाखवला.

जसोदाबाईंनी पीठ मळता मळता पाहिलं. “आयकतस का? बायासले इचारं का कोनी?”

“बाया समितीमा नहीत,” शांतीलालभाई म्हणाले.

“मंग ऱ्हाऊ द्या,” जसोदाबाई म्हणाल्या, आणि त्या विषयावर पुढे दोन महिने एक अक्षर बोलल्या नाहीत. ही मुलुखातली सर्वांत धोक्याची गोष्ट असते, पण नवऱ्याला ते कळतं तेव्हा फार उशीर झालेला असतो.

सल्ला द्यायला मात्र गाव कमी पडलं नाही. एक म्हणे रस्त्याला वळण द्या, सरळ रस्त्याने वारा लागतो. दुसरा म्हणे दिवे लावा. गाव रॉकेलचा कंदील पुरवून वापरत होतं, पण याला रस्त्यावर दिवे हवे. चुनीलाल म्हणजे गावातले जाडजूड शेतकरी, त्यांना बैलांच्या आळसाची काळजी. त्यांनी गंभीरपणे बजावलं, “इतका सपाट रस्ता करशात तर बैलं आयशी व्हई जातीन.” मग कागदपत्रं. नकाशाच्या तीन प्रती पाठवल्या तर चौथी कुठे आहे अशी विचारणा आली. चौथी पाठवली तर तीनच लागतात म्हणून चारही परत आल्या. वाटेत दोन बाभळी होत्या. त्या कोणत्या खात्याच्या हे कुठल्याच खात्याला माहीत नव्हतं, पण तोडायची परवानगी द्यायला प्रत्येकाने नकार दिला. शेवटी रेघ बाभळींना वळसा घालून गेली. शांतीलालभाईंना तो वळसा जिव्हारी लागला.

खरी अडचण जमिनीची. काठालगतची पट्टी सात म्हाताऱ्यांच्या शेतांची. सगळ्यांत मोठी पट्टी भिकनकाकांची. भिकनकाका म्हणजे शांतीलालभाईंचे सख्खे चुलते, पांढरं पागोटं आणि नाकावर राग. त्यांच्या पाया पडून शांतीलालभाईंनी विषय काढला.

“पट्टी देसू,” भिकनकाका म्हणाले. “पन तठे मन्हा ओटा बांधा. बठाले.”

“बांधू काका. नदीकडे तोंड करून छान हवा—”

“नदी काय देखनी? नदी मी जनमपाईन देखी ऱ्हायनू. कोन येस, कोन जास, ते देखानं शे. ओटानं तोंड रस्ताकडे!”

म्हणजे रस्ता मधे, काठाच्या बाजूला ओटा, आणि ओट्यावरच्याची पाठ नदीकडे. शांतीलालभाईंनी विचार केला, काठावर ओटा म्हणजे कठड्याचंही काम झालं. कबूल केलं. दुसऱ्या दिवशी चुनीलाल दारात. त्यांचाही ओटा, आणि तो भिकनच्या ओट्यापेक्षा एक वीत उंच. तिसऱ्या दिवशी बाकीचे पाच. शांतीलालभाईंनी कुणालाही नाही म्हटलं नाही. उंचीचा वाद त्यांनी असा मिटवला की चुनीलालचा ओटा वीतभर उंच केला आणि भिकनकाकांना वीतभर जाड गोधडी दिली. आपण पंचायतीत उगाच कुजतो आहोत, आपली जागा दिल्लीत होती, असं त्या आठवड्यात त्यांना एकदोनदा वाटून गेलं.

पौषात रस्ता झाला. अर्धा मैल, दोन्ही कडांना पंचायतीच्या भटू शिपायाने मारलेली चुन्याची फक्की, आणि काठाने सात ओटे. पहिल्या दिवसापासून सातही म्हातारे सकाळच्या उन्हाला येऊन बसले ते दिवे लागेपर्यंत हलायचं नाव नाही. शांतीलालभाई ओसरीवरून ती पांढऱ्या पागोट्यांची ओळ बघत आणि त्यांचा ऊर भरून येई. रस्ता वापरात आला की हो!

आठ दिवसांनी जीप आली.

साहेब तरुण होते, चष्म्याचे, आणि बोलणं पुण्याकडचं. दोन वाजता आले, भाषण नको म्हणाले, हार नको म्हणाले. पाणवठ्याच्या वर, रस्त्याच्या शेताकडच्या बाजूला कडुनिंबाखाली त्यांनी खुर्ची टाकून घेतली आणि वही उघडली.

“हे बघा पोस्टमास्तर. रस्ता उत्तम झालाय. पण मागच्या गावात असाच उत्तम रस्ता होता आणि त्यावर मिरच्या वाळत घातल्या होत्या. तेव्हा मी इथे बसतो. पाणी घेऊन वीस जणी या रस्त्याने गेल्या की सही. पाच वाजता मी निघणार.”

“वीस काय, चाळीस जातील साहेब!” शांतीलालभाई म्हणाले. ते ऐटीत नवी वही घेऊन रस्त्याच्या मधोमध उभे राहिले.

अडीच वाजले. तीन वाजले. सात ओट्यांवर सात म्हातारे पागोटी सावरून रस्त्याकडे बघत होते, साहेब रस्त्याकडे बघत होते, शांतीलालभाई रस्त्याकडे बघत होते. रस्ता मोकळा होता. एक कुत्रं आलं, एवढी माणसं बघून बिचकलं आणि परत गेलं.

सव्वातीनला तापीबाई आली. वय नव्वदीच्या घरातलं, हातात महादेवाला घालायचा पाण्याचा तांब्या. सातही म्हातारे तिच्यासमोर लहानाचे मोठे झालेले. ती पहिल्या ओट्यापाशी थांबली. “काय रे भिक्या, नवरदेवसारखा काय बठेल शे?” म्हणाली आणि निघून गेली. साहेबांनी तांब्याकडे पाहिलं, पेन्सिल उचलली, जरा विचार केला आणि खाली ठेवली.

साडेतीनला शांतीलालभाई गावातल्या बाया बोटांवर मोजायला लागले. गावाच्या लेकी उघड्या तोंडाने कुठेही फिरायच्या; पण मोठ्या लेकी सासरी आणि लहान पोरी कापूस वेचायला. उरल्या सुना. त्या कुठे होत्या? आठ दिवस गावात पाणी तर येतच होतं. मग ते येत होतं कुठून?

ते घराकडे पळाले. होय, पळाले. साहेबांच्या देखत, धोतराचा सोगा हातात धरून.

जसोदाबाई ओसरीवर धान्य निवडत होत्या.

“बाया काबर येत नहीत? अख्खी समिती तठे बसेल शे!”

“माले काय इचारतस?” जसोदाबाई सुपातून मान वर न करता म्हणाल्या. “मी समितीमा नही.”

शांतीलालभाईंनी कपाळावर हात मारला. तेवढ्यात गोठ्यातून आवाज आला. हलका, पण एकेक अक्षर स्वच्छ.

“गोरी, आयक वं. सात ओटा, सात सासरा. डोकावर हंडा, कमरवर घागर. सासरा देखाले बठना म्हंजे तोंडवर पदर ओढाना, पायमधली चप्पल काढी हातमा धरानी. तिसरा हात कथाईन आनाना? अन हाई एकदाव नही, सात दाव! घसरनवर मानूस पडस ते एकच दाव पडस.”

शांतीलालभाई जागच्या जागी थिजले. गावातल्या कुठल्याही सुनेला निम्मं गाव सासरा आणि उरलेलं गाव जेठ म्हणजे थोरला दीर, हे त्यांना काय ठाऊक नव्हतं? पण मोठी माणसं जिथे असतील तिथून सुना आधीच नाहीशा झालेल्या असत. त्यामुळे त्या जातात कुठून, हे गावातल्या एकाही बाप्याने कधी पाहिलं नव्हतं. त्या निवडुंगाच्या मागून, घळीतून, वेड्यावाकड्या जुन्या वाटेने घसरणीवर जात होत्या. आजही. आणि हिचा सहावा महिना. शांतीलालभाईंनी जमिनीसाठी एकेक ओटा दिला होता, आणि एकेका ओट्याने रस्ता बंद केला होता.

आता सुनेशी थेट बोलायचं तर रीत मोडते. ब्रँच पोस्टमास्तरांनी इकडेतिकडे पाहिलं, घसा खाकरला आणि कालवडीला विचारलं, “गोरी, मंग आते काय करानं?”

गोठ्यात कालवडीच्या गळ्यातली घंटा वाजली. बहुधा गोरीलाही असा मान पहिल्यांदाच मिळत होता.

“नदीकडे तोंड करी बठा म्हना. पाठले काय डोया ऱ्हातस?”

चारला दहा मिनिटं कमी असताना ते भिकनकाकांपुढे हात जोडून उभे होते.

“मी सायेबकडे पाठ करू?” भिकनकाकांचं पागोटं थरथरलं. “मन्हा बापनी कव्हयच कोनाकडे पाठ करी नही! पट्टी परत दे मन्ही!”

शांतीलालभाईंना घाम फुटला. सिमेंट जाणार, रस्ताही जाणार, आणि घसरण तेवढी राहणार. त्या घाईत त्यांच्या तोंडून निघालं ते कुठल्या कागदात नव्हतं. “काका, पाठ तर तुम्ही आठ दिवसपाईन करेल शे. तापीमायकडे.”

भिकनकाकांनी मान वळवून मागे नदीकडे पाहिलं. मग गोधडी उचलली, झटकली, उलटी टाकली आणि नदीकडे तोंड करून बसले. पुढचे पाच त्यांचं बघून वळले. चुनीलाल मात्र आपल्या उंच ओट्यावरून खात्री करत राहिले, की भिकन पुरा वळला की अर्धाच. पुरा वळलाय हे पटायला त्यांना दहा मिनिटं लागली. तोवर साडेचार होऊन गेले होते.

शांतीलालभाई धापा टाकत रस्त्याच्या मधोमध येऊन उभे राहिले. वही उघडली. बाया आल्या नाहीत.

इकडे साहेबांनी काय पाहिलं? एकेक करत गावचे सात वडीलधारे उठले आणि त्यांच्याकडे पाठ करून बसले. साहेबांचे कान लाल झाले.

“पोस्टमास्तर, हा काय प्रकार आहे? बहिष्कार?”

“नाही नाही साहेब! सदर इसम केवळ...” शांतीलालभाईंचं कागदी मराठी तिथेच संपलं. साहेब परके, ते कुणाचे सासरे नव्हेत की जेठ नव्हेत, त्यांची लाज बायांना नव्हती. सात वळले. मग आता घोडं अडलं कुठे?

निवडुंगामागून घंटा वाजली. गोरीच्या गळ्यातली.

“गोरी, सात फिरी गयात वं. आठवा उभाच शे. हातमा वही लिसन.”

शांतीलालभाईंनी हातातल्या वहीकडे पाहिलं. ते स्वतः! गावातल्या कितीतरी सुनांचे चुलतसासरे, मामेसासरे, जेठ. आणि उभे कुठे, तर बरोब्बर रस्त्याच्या मधे. अरे देवा. ते दोन ढांगांत काठावर गेले आणि नदीकडे तोंड करून उभे राहिले.

“पोस्टमास्तर! मी तुमच्याशी बोलतोय.” खुर्ची सरकल्याचा आवाज. “इकडे तोंड करा!”

ज्या माणसाने टपालाच्या थैलीकडे कधी पाठ केली नाही, त्याच्या पाठीमागे आज अख्खं सरकार उभं राहून ओरडत होतं. शांतीलालभाईंच्या मानेवरचा केस न केस उभा राहिला. मान आपोआप वळायला लागली. नोकरी काय, पेटी काय, शिक्का काय, सगळं डोळ्यांपुढे आलं. आणि त्यातच, का कोण जाणे, डाव्या हाताने भाकरी थापटण्याचा आवाज कानात वाजला. त्यांनी मान गच्च धरली.

“तोंड करता येत नाही साहेब,” ते नदीला म्हणाले. “माफ करा. माझी पाठच बघा. मी वळलो तर पायऱ्या जातील.”

“हा उर्मटपणा मी वर कळवीन! ड्रायव्हर, जीप—”

आणि साहेब मधेच थांबले.

मागे बांगड्या वाजल्या. पायांचा आवाज आला; घाईचा नव्हे, सपाट जमिनीवर पडतो तसा निश्चिंत. हंड्यात पाणी डुचमळलं. शांतीलालभाईंनी समोरच्या नदीवरची नजर न हलवता वहीत चाचपडत एक रेघ मारली. मग दुसरी. मग तिघी एकदम, हसत. घळीत दबा धरून बसलेल्या बाया सगळ्या एकदमच सुटल्या होत्या. काठावर आठ पाठी ताठ होत्या. भिकनकाकांना शिंक आली, ती त्यांनी नदीकडेच दिली.

बारा. पंधरा. अठरा. मग जरा थांबून एक खेप आली, तिचं पाणी एकाच बाजूला सांडल्याचं ऐकू येत होतं. उजव्या हाताने हंडा न धरणारी बाई गावात एकच होती. समितीत नसलेली. शांतीलालभाईंनी एकोणिसावी रेघ मारली, ती वाकडी गेली.

विसावी येईना.

“पाचला चार मिनिटं आहेत,” साहेब म्हणाले. त्यांचा आवाज आता खाली आला होता. तेही मोजत होते.

आणि मग संथ, जड पावलं, त्यांच्यामागे चार खुरांची टपटप. पावलं शांतीलालभाईंच्या पाठीशी येऊन थांबली.

“गोरी, बाबाले सांग,” सिंधुबाई म्हणाली, “वाट चांगली व्हयनी.”

शांतीलालभाईंना समोरची नदी एकदम धूसर दिसायला लागली. “गोरी,” ते कसंबसं म्हणाले, “तिले सांग, हंडा जपीसन नेजो.”

साहेबांनी सही केली. शेरा असा होता: ‘पदपथाचा वापर समाधानकारक. तथापि गावातील वडीलधारी मंडळी तपासणीच्या वेळी पाठ फिरवून बसली होती. विचारणा केली असता चिटणीसांनी कारण नदीस सांगितले.’ त्या शेऱ्याबद्दल खुलासा मागणारी तीन पत्रं पुढे वर्षभर येत राहिली. तिन्ही शांतीलालभाईंनी बसून वाचली.

पावसाळ्याआधी बावीस पायऱ्या झाल्या, आणि काठावर आठवा ओटा झाला. शांतीलालभाईंनी तो रस्ता काढला खरा, पण त्यावरून पाणी नेणारी सून त्यांनी जन्मात पाहिली नाही. संध्याकाळी ते नदीकडे तोंड करून बसत आणि कानांनी खेपा मोजत. सिंधुबाईची खेप त्यांना लांबूनच कळायची. पुढे पुढे तिच्या मागे खुरांची टपटप नसायची, दोन लहान पावलं असायची. ती नात होती. गावची लेक, तिला कुणाची लाज? सगळ्या बाया पाठीमागून निघून जात, आणि ही एकटी ओट्याला वळसा घालून समोर यायची, त्यांचा चेहरा दोन्ही हातांनी धरायची आणि सांगायची, “आजा, माय सांगस, घर चाल. चहा व्हई गया.”